स्कॉटी बोमन : पंचेचाळीस सेकंदांचा हिशेब

बर्फाळ (धागाकर्ता)

परवा दुसऱ्या एका धाग्यावर "हे कोच लोक नक्की करतात तरी काय?" यावरून चांगलीच जुंपली होती. मी तिथे आइस हॉकीचा कोच स्कॉटी बोमनचं नाव टाकलं आणि कुणीच ओळख दाखवली नाही. त्यात कुणाची चूक नाही. हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हिरवं टर्फच येतं. म्हणून हा स्वतंत्र धागा. आधी थोडं खेळाविषयी, कारण ते कळल्याशिवाय या माणसाचं काम कळणार नाही.

बर्फावर एका बाजूचे सहा जण, पाच खेळाडू आणि एक गोली. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. स्केट्सवर जीव तोडून धावणारा माणूस पाऊण मिनिटात धापा टाकायला लागतो. त्यामुळे दर चाळीस-पन्नास सेकंदांनी थकलेले बाकावर परततात आणि ताजे कठड्यावरून उड्या टाकून उतरतात, तेही बहुतेक वेळा खेळ चालू असताना. बदली किती वेळा करायची यावर बंधन नाही. कोण उतरणार, समोरच्या कुणाविरुद्ध उतरणार, हे बाकामागे उभा असलेला कोच ठरवतो. यात एक मेख आहे. खेळ थांबला की पाहुण्या संघाने आपली माणसं आधी उतरवायची, यजमानांनी ती बघून मग आपली. म्हणजे घरच्या रिंकवर शेवटचं पान कोचच्या हातात राहतं.

एवढ्याशा सवलतीवर बोमनने हयात काढली. तिचा पुरेपूर वापर त्याने केला, आणि परक्या रिंकवर ती नसताना काय करायचं याचाही अभ्यास केला.

जन्म १८ सप्टेंबर १९३३, मॉन्ट्रियलला खेटून असलेल्या व्हर्डनमध्ये. आईवडील स्कॉटलंडहून आलेले, वडील रेल्वेत लोहारकाम करायचे. पोरगा बऱ्यापैकी खेळायचा, मॉन्ट्रियलच्या ज्युनियर संघात होता. मार्च १९५२ मधल्या एका सामन्यात जाँ-गी टॅलबॉट नावाच्या प्रतिस्पर्ध्याची काठी त्याच्या डोक्यात बसली. तेव्हा हेल्मेट कोण घालत होतं! कवटी फुटली. त्यानंतर तो थोडाफार खेळला, पण मोठा खेळाडू व्हायचं स्वप्न अठराव्या वर्षीच संपलं.

मग रंग बनवणाऱ्या कंपनीत नोकरी. दुपारच्या सुट्टीत डबा खाण्याऐवजी हा गडी मॉन्ट्रियल फोरम या रिंकवर जाऊन मॉन्ट्रियलच्या कॅनेडियन्स संघाचा सराव बघत बसायचा. जोडीला पोरांच्या संघांना शिकवणं. ते सॅम पोलॉकच्या नजरेत भरलं. पोलॉक म्हणजे पुढे कॅनेडियन्सचा सर्वेसर्वा झालेला, माणसं हेरण्यात वस्ताद असलेला गृहस्थ. त्याच्या हाताखाली ओटावा-हल संघात बोमन शिकला आणि १९५८ मध्ये त्या संघाने ज्युनियर हॉकीतला मानाचा मेमोरियल कप जिंकला. पुढची काही वर्षं पीटरबरोला कोच, मग गावोगाव फिरून खेळाडू हेरणं, मग पुन्हा कोच. दहा वर्षं अशी खालच्या अंगाने गेली.

१९६७ साली एनएचएलने (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा) सहाचे बारा संघ केले. त्यातल्या नव्या सेंट लुइस ब्लूजमध्ये बोमन आधी मदतनीस होता आणि पहिल्याच मोसमात, वयाच्या ३४ व्या वर्षी, मुख्य कोच झाला. हाताशी इतरांनी सोडून दिलेली माणसं. गोली ग्लेन हॉल ३६ वर्षांचा. पुढच्या वर्षी त्याच्या जोडीला चाळिशीला टेकलेला जाक प्लांट आणला. या दोन म्हाताऱ्यांनी मिळून १९६९ ची वेझिना ट्रॉफी उचलली, म्हणजे गोलींचा सर्वोच्च मान! ब्लूज १९६८, १९६९, १९७० असे सलग तीनदा अंतिम फेरीत गेले आणि तिन्ही वेळा ४-० असे हरले.

आता खरी गंमत. १९६८ मध्ये या संघाने जो एक जुना बचावपटू आपल्याकडे घेतला, तो होता जाँ-गी टॅलबॉट. तोच. बोमनने त्याला दोन-अडीच वर्षं खेळवलं. मनात काय होतं कोण जाणे, पण त्याला बचावफळीत एक अनुभवी माणूस हवा होता आणि तो मिळत होता.

मालकांशी बिनसलं म्हणून १९७१ मध्ये सेंट लुइस सोडलं आणि पोलॉकने त्याला घरी बोलावलं, थेट कॅनेडियन्सच्या कोचपदावर. पुढच्या आठ मोसमांत साखळीतले ४१९ विजय, ११० पराभव, १०५ बरोबरी, आणि पाच स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलची विजेतेपदं : १९७३, १९७६, ७७, ७८, ७९. त्यातला १९७६-७७ चा मोसम तर दंतकथाच म्हणायचा. ८० सामन्यांत ६० विजय, फक्त ८ पराभव, १३२ गुण. घरच्या रिंकवर ४० पैकी एकच पराभव.

हात दुखले. १९७९ नंतरचं प्रतिसादांत लिहितो.

मेथांबा

वाचतेय. बदलाबदलीचं प्रकरण पहिल्यांदाच नीट समजलं. एक बाळबोध प्रश्न. तीन अंतिम फेऱ्या, तिन्ही ४-०. याला यश कसं म्हणायचं? आमच्याकडे याला धुलाई म्हणतात.

बर्फाळ

मेथांबाताई, प्रश्न अगदी रास्त आहे. एनएचएलने सहाही नवे संघ एकाच गटात टाकले होते, त्यामुळे त्या गटातला कुणीतरी अंतिम फेरीत जाणारच होता. बोमनचं कौतुक एवढंच की नव्या सहांत तीनही वर्षं तोच गेला. आणि १९६८ चे चारही सामने एकेका गोलाने गेले, त्यातले दोन जादा वेळेत, समोर मॉन्ट्रियल असताना. हरणाऱ्या संघाच्या ग्लेन हॉलला स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला. १९७० ला मात्र धुलाईच झाली. बॉस्टनच्या बॉबी ऑरने जादा वेळेत गोल मारून हवेत सूर मारल्याचा तो जगप्रसिद्ध फोटो याच मालिकेतला. त्यात जो बिचारा गोल खातोय तो आपला ग्लेन हॉल.

शंकासुर

लेख छान, पण मुद्दा पटला नाही. मॉन्ट्रियलच्या त्या संघात कोण कोण होतं बघा. गोलात केन ड्रायडन. मागे लॅरी रॉबिन्सन, सर्ज सव्हार, गी लापॉइंट. पुढे गी लाफ्लर, स्टीव्ह शट, जाक लेमेर, बॉब गेनी. ही माणसं घेऊन मीसुद्धा बाकामागे उभा राहिलो असतो तर दोनेक कप आले असते. बोमनची खरी परीक्षा बफेलोत झाली आणि तिथे तो नापास झाला. त्याबद्दल तुमच्या लेखात अवाक्षर नाही. "हात दुखले" अगदी मोक्याच्या जागी दुखले म्हणायचे!

कट्टेकरी

शंकासुर, तुम्ही बाकामागे उभे राहिला असतात तर लाफ्लरने तुम्हालाच कठड्यावरून बर्फावर लोटलं असतं. :)

एक ऐकीव किस्सा. दौऱ्यावर असताना रात्री कोण उशिरा परततं हे बोमनला हवं होतं. स्वतः जागत बसायचं नव्हतं. म्हणून त्याने हॉटेलच्या दारवानाला एक कोरी काठी दिली आणि सांगितलं, "पोरं आत येतील तशी यावर त्यांच्या सह्या घे, तुला आठवण राहील." दारवान खूश. सकाळी बोमनने काठी बघायला मागितली. उशिरा आलेल्या सगळ्यांची हजेरी, स्वहस्ताक्षरात! किस्सा बराच फिरलेला आहे, त्यामुळे मीठमसाला किती ते ज्याने त्याने ठरवावं.

स्टीव्ह शटचं म्हणणं मात्र प्रसिद्धच आहे. वर्षाचे ३६४ दिवस या माणसाचा राग यायचा आणि ३६५ व्या दिवशी स्टॅनली कपची अंगठी हातात पडायची.

बर्फाळ

शंकासुर, पकडलंत. घ्या, बफेलो.

१९७८ मध्ये क्लबची मालकी बदलली आणि पोलॉक गेला. त्याची खुर्ची आपल्याला मिळेल अशी बोमनची अपेक्षा होती, ती दुसऱ्याला मिळाली. वर्षभराने तो बफेलो सेबर्सकडे गेला, तिथे कोचही तोच आणि संघ उभारणारा मॅनेजरही तोच. सात-साडेसात वर्षांत एकही कप नाही, अंतिम फेरीसुद्धा नाही. डिसेंबर १९८६ मध्ये काढून टाकलं. नापासच, वाद नाही.

का झालं असं, यावर माझं मत सांगतो. बाकामागचा माणूस आजच्या सामन्याचा, किंबहुना पुढच्या पाऊण मिनिटाचा विचार करतो. मॅनेजरला पाच वर्षांनंतरचं बघावं लागतं. बोमन या दोन्हींत लटकला. मध्येच दुसऱ्याला कोच नेमायचा, रॉजर नीलसन, जिम रॉबर्ट्स, जिम शोनफेल्ड, आणि बिनसलं की पुन्हा स्वतः बाकामागे जाऊन उभा राहायचा. त्याने निवडलेली पोरं काही वाईट नव्हती. फिल हाउस्ली, टॉम बरासो, डेव्ह अँड्रेचक, तिघांचीही पुढे मोठी नावं झाली. पण कोवळ्या पोरांना वेळ द्यावा लागतो. रोज जिंकायची सवय लागलेल्या माणसाकडे तेवढा धीर नव्हता.

आणि "मीसुद्धा जिंकलो असतो" याबद्दल. १९७९ नंतर मॉन्ट्रियलचं काय झालं? पुढच्याच वर्षी मिनेसोटाने त्यांना उपांत्यपूर्व फेरीत घरी पाठवलं. नवा कोच बर्नी जेफ्रियन तीस सामन्यांत राजीनामा देऊन मोकळा झाला होता. ड्रायडन आणि लेमेरही त्याच वर्षी गेले होते, त्यामुळे हा पुरावा शंभर नंबरी नाही, मान्य. पण "कुणीही जिंकलं असतं" याला धक्का देण्याइतका आहे.

पाऊलवाट

मला वेगळंच कुतूहल आहे. मॉन्ट्रियल म्हणजे फ्रेंच मुलूख आणि बोमन तर स्कॉटिश घरातला. भाषेवरून काही झालं नाही?

बर्फाळ

झालं, पण त्याच्या आधीच्या माणसाचं! अल मॅकनीलने १९७१ मध्ये कॅनेडियन्सना कप जिंकून दिला. पण त्याला फ्रेंच येत नव्हतं आणि आँरी रिशारसारख्या लाडक्या खेळाडूला बाकावर बसवून त्याने शहर अंगावर घेतलं होतं. कप जिंकूनही त्याला ते पद सोडावं लागलं. बोमन व्हर्डनचा, गल्लीत दोन्ही भाषा ऐकत वाढलेला. पत्रकारांना फ्रेंचमध्ये उत्तरं द्यायचा. तिथे ही अर्धी लढाई होती.

तिरकस

१९७९ चा बॉस्टनविरुद्धचा सातवा सामना कुणीच कसा काढला नाही अजून? माझ्या मते बोमनची सगळी विद्या त्या एका प्रसंगात दिसते.

उपांत्य फेरी, १० मे १९७९, मॉन्ट्रियल फोरम. बॉस्टनचा कोच डॉन चेरी. त्याने डॉन मार्कोटला एकच काम दिलेलं, लाफ्लरची सावली व्हायचं. तो उतरला की तू उतर, तो बसला की तू बस. आता समोरच्याने तुमच्या हुकमी एक्क्याला असा पहारेकरी लावला तर तुम्ही काय कराल? बोमनने लाफ्लरला नेहमीच्या ओळीबाहेरही (ओळ म्हणजे पुढे एकत्र खेळणारे ठरलेले तिघे) उतरवायला सुरुवात केली. कधी सलग दोन पाळ्या, कधी अवचित. पहारेकऱ्याला झोप नाही.

बॉस्टन ४-३ ने पुढे, अडीच मिनिटं उरलेली, आणि पंचाचा हात वर. बॉस्टनचे बर्फावर सहा खेळाडू, गोली वेगळा! एक जास्त. मॉन्ट्रियलला पॉवर प्ले, म्हणजे शिक्षा म्हणून बॉस्टनचा एक गडी काही वेळ बाहेर. १ मिनिट १४ सेकंद उरलेले असताना लाफ्लरने बरोबरी साधली, जादा वेळेत इव्हॉन लाम्बेरने सामना मारला. पुढे न्यूयॉर्क रेंजर्सना हरवून कप.

लोक म्हणतात चेरीच्या पोरांनी घोळ घातला. घातलाच. पण सात सामने कोणीतरी त्यांच्या डोक्यात सतत आकडेमोड चालू ठेवली होती, हेही बघा.

मेथांबा

बाप रे. अंगावर काटा. मग बफेलोनंतर काय झालं? निवृत्त?

बर्फाळ

टीव्हीवर तज्ज्ञ म्हणून बसायला लागला. तीनेक वर्षं कुठल्याच संघाने विचारलं नाही. जमाना पुढे गेला, हा जुना हुकूमशाही खाक्या आता चालायचा नाही, असं बोललं जायचं. १९९० मध्ये पिट्सबर्गने घेतलं ते खेळाडू घडवण्याच्या विभागात. कोच होता बॉब जॉन्सन. सतत हसतमुख, पोरांचा लाडका, म्हणजे बोमनच्या अगदी उलट. त्याने १९९१ चा कप आणला. त्याच उन्हाळ्यात जॉन्सनच्या मेंदूत गाठी निघाल्या आणि नोव्हेंबरमध्ये तो गेला. संघाची जबाबदारी ५८ वर्षांच्या बोमनवर येऊन पडली.

शोकातला संघ, त्यात मारिओ लेम्यू आणि कोवळा यारोमिर यागर यांच्यासारखे मनस्वी खेळाडू. इथे बोमनने आयुष्यात पहिल्यांदा हात आखडता घेतला असं मला वाटतं. सराव बराचसा सहाय्यकांवर सोपवला, पोरांना त्यांच्या पद्धतीने खेळू दिलं. १९९२ चा कप आला, शेवटचे ११ सामने ओळीने जिंकून. पुढच्या मोसमात सलग १७ विजयांचा विक्रम. आणि मग न्यूयॉर्क आयलंडर्सनी सातव्या सामन्यात, जादा वेळेत, दारातून परत पाठवलं.

तिरकस

आणि त्या आयलंडर्सचा कोच कोण? अल आर्बर! बोमनच्या सेंट लुइस संघाचा कर्णधार. १९८० ते ८३ सलग चार कप जिंकलेला. पुढे १९९५ च्या अंतिम फेरीत डेट्रॉइटला ४-० ने चीत करणाऱ्या न्यू जर्सीचा कोच कोण? जाक लेमेर, बोमनच्या मॉन्ट्रियल संघातला. शिष्यादिच्छेत् पराजयम् म्हणतात ते ठीक आहे, पण इतक्यांदा?

डेट्रॉइटकर

हा धागा इतका वेळ माझ्या नजरेतून सुटलाच कसा! मी १९९५ ते २००३ डेट्रॉइटच्या उपनगरात होतो. आलो तेव्हा आइस हॉकीचा ओ का ठो कळत नव्हता. ऑफिसात सोमवारी सकाळी सगळे एकच बोलायचे, नाइलाजाने शिकलो.

तेव्हाचं वातावरण सांगतो. रेड विंग्जनी, म्हणजे डेट्रॉइटच्या संघाने, १९५५ नंतर कप जिंकला नव्हता. बोमन १९९३ ला आला. स्टीव्ह आयझरमन हा गावाचा जीव की प्राण. १९८८-८९ मध्ये त्याने एका मोसमात १५५ गुण केलेले, म्हणजे ६५ गोल आणि ९० असिस्ट. आणि या नव्या कोचने त्याला सांगितलं की तू मागे येऊन बचावही करायला हवास. गोल कमी झाले. १९९५ मध्ये तर त्याला ओटावाला देऊन टाकणार अशी कुणकुण लागली. आमच्या ऑफिसातला एक जण बोमनचं नाव काढलं की चमचा आपटायचा. पण आयझरमनने ऐकलं. १९९७ ला कप, १९९८ ला कप आणि प्लेऑफचा (साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांचा) सर्वोत्तम खेळाडू, २००० साली सर्वोत्तम बचावात्मक फॉरवर्डला मिळणारी सेल्की ट्रॉफी. १५५ गुण करणाऱ्या माणसाला बचावाचं बक्षीस!

दुसरी गोष्ट रशियनांची. तेव्हा उत्तर अमेरिकेत रशियन खेळाडूंबद्दल बरंच वाईटसाईट बोललं जायचं. मऊ आहेत, कपसाठी रक्त आटवत नाहीत वगैरे. आमच्याकडे फेदोरोव्ह, कॉन्स्टँटिनोव्ह आणि कोझलोव्ह होतेच. १९९५ मध्ये सदतिशीला टेकलेल्या फेतिसोव्हला आणलं. मग ऑक्टोबरमध्ये रे शेपर्ड, ज्याने दोन मोसमांपूर्वी ५२ गोल मारले होते, त्याला देऊन ३४ वर्षांचा ईगोर लारिओनोव्ह घेतला. चमचेवाला त्या दिवशी जेवलाच नाही.

२७ ऑक्टोबर १९९५, कॅलगरी. बोमनने पाचही रशियन एकदम उतरवले. अख्ख्या एनएचएलमध्ये असं कुणी केलं नव्हतं. ३-० ने जिंकलो. नंतर घरी बघताना माझ्यासारख्या नवख्यालाही कळायचं की हे पाच जण वेगळाच खेळ खेळताहेत. इकडचे संघ पक (खेळायची रबरी चकती) पुढे फेकून त्यामागे धावायचे. हे पक सोडायचेच नाहीत. वाट बंद दिसली की मागे वळायचे, पुन्हा चाल रचायची. पाचही जण मॉस्कोच्या सीएसकेए संघातून आलेले.

बर्फाळ

डेट्रॉइटकर, याचं मूळ फार मागे आहे. ३१ डिसेंबर १९७५ ला हाच सीएसकेए मॉन्ट्रियलला आला होता आणि कॅनेडियन्सचा कोच होता बोमन. मॉन्ट्रियलने गोलावर ३८ फटके मारले, रशियनांनी फक्त १३. निकाल ३-३! रशियनांच्या गोलात त्रेत्याक होता म्हणून, हे खरं. पण १३ फटक्यांत तीन गोल करणारी मंडळी बोमनच्या डोक्यात बसली असणार. मग १९८१ च्या कॅनडा कपच्या अंतिम सामन्यात सोव्हिएत संघाने कॅनडाचा ८-१ असा फडशा पाडला. त्या कॅनडाचा कोचही बोमनच, आणि समोर तरुण फेतिसोव्ह आणि लारिओनोव्ह. ज्यांनी आठ गोल हाणले, त्यांतलेच दोघे त्याने चौदा वर्षांनी आपल्या बाकावर आणून बसवले. टॅलबॉट आठवतो की नाही?

पाऊलवाट

टॅलबॉटचा धागा इथे जुळला! या माणसाला मनात ठेवून घेणं जमत नव्हतं की परवडत नव्हतं?

अवांतर: त्याच्या डोक्यात पत्रा बसवला होता असं मी कुठेतरी वाचलं होतं.

बर्फाळ

पत्र्याची गोष्ट ही दंतकथा. बोमनने स्वतःच ती खोडून काढली आहे. कवटी फुटली होती, पत्रा नव्हता.

आणि परवडत नव्हतं, असं माझं उत्तर.

शंकासुर

डेट्रॉइटकरांचा प्रतिसाद आवडला, पण मी माझी शंका सोडणार नाही, नावाला जागलं पाहिजे. तेव्हा एनएचएलमध्ये पगाराची कमाल मर्यादा नव्हती, ती २००५ ला आली. २००२ च्या डेट्रॉइट संघात हाशेक, ब्रेट हल, रोबिताय, चेलिओस, लिडस्ट्रॉम, आयझरमन, शॅनहन, फेदोरोव्ह, लारिओनोव्ह. मालकाकडे पैसा होता, त्याने दुकान उचलून आणलं. आणि १९९५-९६ मध्ये ६२ सामने जिंकणारा विक्रमी संघ घेऊन हाच बोमन कोलोरॅडोकडून हरला, ते कुठल्या खात्यात टाकायचं?

डेट्रॉइटकर

त्याच्याच खात्यात टाका, माझी हरकत नाही. ते मोसमभराचं दुःख अजून ताजं आहे. ६२ विजय, १३१ गुण, आणि हाती भोपळा. त्यात क्लोड लेम्यूने क्रिस ड्रेपरला मागून कठड्यावर आपटून त्याचा जबडा मोडला. पुढच्या वर्षी २६ मार्चला त्याचे हिशेब चुकते झाले, त्या हाणामारीवर वेगळा धागा निघेल.

पण १९९७ ची अंतिम फेरी घ्या. समोर फिलाडेल्फिया. एरिक लिंड्रॉस आणि त्याचे दोन साथीदार म्हणजे धिप्पाड मल्लच. सगळ्यांनी धरून चाललेलं की त्यांच्यापुढे बोमन आपला सगळ्यात आडदांड बचावपटू कॉन्स्टँटिनोव्ह उतरवणार. त्याने उतरवले निकलस लिडस्ट्रॉम आणि लॅरी मर्फी. दोघेही अंगावर जाणारे नव्हेत, पण पक हाती आला की क्षणात बाहेर काढणारे. पकच मिळाला नाही तर पैलवान धडक मारणार कुणाला? चार सामन्यांत कारभार आटोपला. लिंड्रॉसचा मालिकेतला एकमेव गोल अगदी शेवटच्या मिनिटातला, तोवर सगळं संपलेलं. यात मालकाचा पैसा कुठे आला, शंकासुरभाऊ? दोन्ही पर्याय त्याच बाकावर बसले होते.

७ जूनची ती रात्र. रस्त्यांवर गाड्यांचे भोंगे. जो लुई अरीनात लोक मेलेले ऑक्टोपस बर्फावर फेकायचे (जुनी प्रथा, १९५२ पासूनची. तेव्हा कपसाठी आठ सामने जिंकावे लागत म्हणून आठ पायांचा प्राणी. माझ्या बायकोचा यावर अजून विश्वास बसत नाही). कप हातोहात फिरत होता आणि बघतो तर बोमन गायब. थोड्या वेळाने आला तो पायात स्केट्स चढवून! ६३ वर्षांचा माणूस डोक्यावर कप धरून बर्फावर फेरी मारत होता. त्याचं म्हणणं, खेळाडू म्हणून कप घेऊन स्केटिंग करायची इच्छा राहून गेली होती.

सहाच दिवसांनी, १३ जूनला, जल्लोष आटोपून परतणारी लिमोझिन झाडावर आदळली. दारू पिऊन आपण गाडी चालवायला नको म्हणून भाड्याने घेतलेली. कॉन्स्टँटिनोव्ह आणि संघाचे मालिशवाले म्नात्साकानोव्ह यांच्या मेंदूला कायमची इजा झाली. फेतिसोव्ह त्यातल्या त्यात वाचला. ज्या मंगळवारी गावात विजयाची मिरवणूक निघाली होती, त्याच आठवड्यातला हा शुक्रवार. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनमध्ये पुन्हा ४-० ने कप जिंकल्यावर आयझरमनने तो घेऊन आधी कॉन्स्टँटिनोव्हच्या चाकाच्या खुर्चीपाशी नेला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. त्याबद्दल मला नीट लिहिता येत नाही.

मेथांबा

…

वाचून पाच मिनिटं नुसती बसले होते.

कट्टेकरी

१९९८ च्या त्या कपने त्याची टो ब्लेकशी बरोबरी झाली. आठ-आठ. ब्लेक हा कॅनेडियन्सचा जुना कोच आणि बोमनचं दैवत. नववा कप २००२ चा. १३ जूनला कॅरोलायनाला हरवलं, पुन्हा स्केट्स चढवून फेरी मारली आणि त्याच रात्री निवृत्ती सांगून मोकळा. साखळीत २१४१ सामने, १२४४ विजय. प्लेऑफमधले २२३ वेगळे.

शंकासुर, तुमच्या त्या महागड्या दुकानातलं एक दृश्य. बोमनने ब्रेट हलला दोन पोरांबरोबर खेळायला लावलं, त्यातला एक पहिल्याच मोसमातला पावेल दात्स्युक. हल त्या ओळीला "दोन कोकरं आणि एक म्हातारा बोकड" अशा अर्थाचं काहीतरी म्हणायचा. तो दात्स्युक पुढे मोठा खेळाडू झाला.

शंकासुर

दात्स्युक मान्य. लिडस्ट्रॉम-मर्फीही मान्य. बफेलो मात्र मी शेवटपर्यंत सोडणार नाही.

बर्फाळ

बोमननेही नाही सोडलं! पिट्सबर्ग आणि डेट्रॉइट दोन्हीकडे नोकरी करताना त्याचं घर बफेलोच्याच परिसरात होतं.

पाऊलवाट

निवृत्तीनंतर काय केलं त्याने?

बर्फाळ

सल्लागार. आधी डेट्रॉइटला, २००८ चा कप. मग शिकागोला, २०१०, २०१३ आणि २०१५. पिट्सबर्गचा १९९१ चा धरून कपवर त्याचं नाव एकूण चौदा वेळा आहे. शिकागोत तेव्हा मॅनेजर होता त्याचा मुलगा स्टॅन. जन्म जून १९७३, म्हणजे बोमनने पहिला कप जिंकल्यावर दीडेक महिन्याने. नाव कशावरून ठेवलं ते ओळखा.

मेथांबा

स्टॅनली! कपावरून पोराचं नाव! आईला विचारलं तरी होतं का?

बर्फाळ

ते माहीत नाही, पण मधलं नावही हॉकीतलंच आहे. ग्लेन.

तिरकस

म्हणजे तो फोटोत गोल खाणारा?

बर्फाळ

तोच.